नायकिणीची गाडी

जगदेवीचा राग भवानी पेठेत सगळ्यांना ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर पेठेला त्याचा उपयोगही होता. नळाला पाणी आलं नाही, रेशनवाल्यानं मापात मारलं, कुणी सुनेला उपाशी ठेवलं, की बाया आधी जगदेवीच्या दारात यायच्या. ती पदर खोचून निघाली की समोरचा निम्मा तिथंच गार व्हायचा. वीस वर्षं गिरणीच्या रीलिंग खात्यात, सूत रिळांवर गुंडाळण्यात काढलेली बाई. त्यातली शेवटची सहा वर्षं नायकीण, म्हणजे चाळीस बायांवरची मुख्य. यंत्रांच्या खडखडाटावर ओरडून ओरडून आवाज असा झालेला, की घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला वाटावं भांडण लागलं. नवरा सिद्धाराम धान्याच्या बाजारात तोलार होता. दिवसभर काटा धरायचा आणि बोलायचं तेही तोलून. या दोघांचं जमलं कसं, हे पेठेला कधी कळलं नाही.

हेमावती ही त्यांची एकुलती एक मुलगी. कॉलेजात गेली, एन.सी.सी.त गेली, आणि तिथं पहिल्यांदा रायफल हातात धरली तेव्हा दहा गोळ्यांत ब्याण्णव गुण काढून बसली. तिथला उस्ताद रावसाहेब हा फौजेतून हवालदार होऊन परत आलेला माणूस, बुद्धविहाराच्या गल्लीत राहायचा. तो घरी येऊन सांगून गेला की पोरीचा डोळा स्थिर हाय, हिला नेमबाजीच्या क्लबात घाला, तिथं जिल्ह्याचा संघ निवडतात आणि संघ पुण्याला जातो. पेठेत कुजबुज झालीच. पोरीच्या जातीला बंदूक कशाला, उद्या सासू बघायला आली तर काय सांगणार. जगदेवीनं नळावर उभं राहून एकदाच उत्तर दिलं, की सासू नीट वागली तर काही सांगायची गरज पडणार नाही. पुन्हा कुणी विचारलं नाही.

क्लबाची गोष्ट मात्र वेगळी निघाली. तुळजापूर नाक्याजवळ एका बैठ्या दगडी खोलीत क्लबाचं सामान असायचं, आणि नेमबाजी चालायची तिथून दीड मैलावर, जुन्या दगडाच्या खाणीत. रायफली आणि गोळ्या रावसाहेबाच्या ताब्यात. त्या तोच न्यायचा. बाकीचं ज्याचं त्यानं. म्हणजे प्रत्येकाच्या दोन वाळूच्या पिशव्या, टारगेट लावायची लोखंडी पायांची चौकट, खाली अंथरायची जाड चटई, निशाण बघायची दुर्बीण. क्लबाचे आठ पुरुष सभासद होते, आणि त्यांच्यातल्या एकाची जीप होती. आठांचं सामान जीपमध्ये जायचं. हेमावतीचं मावत नव्हतं. चौऱ्याहत्तर साल होतं, पेट्रोल महाग झालेलं, त्यामुळे दुसरी खेप होणार नाही असं तिला सांगण्यात आलं. वरून नियमही दाखवला: प्रत्येकानं आपलं सामान आपण आणायचं. पोरगी डोक्यावर पिशव्या, काखेत चटई, हातात चौकट घेऊन फुफाट्यातून दीड मैल जायची आणि जाऊन बंदूक धरायची. घरी यातलं एक अक्षर बोलायची नाही, कारण बोललं तर आई काय करेल हे तिला माहीत होतं.

कॉलेजात ब्याण्णव काढणारी मुलगी क्लबात साठ-बासष्टवर आली. तीन महिने असे गेले. शेवटी निवडीसाठी कुणाची नावं घ्यायची याची यादी लागली आणि तीत हेमावती नव्हती. तेव्हा जगदेवी विचारायला गेली. क्लबाचे सेक्रेटरी पंचाक्षरी वकील. माणूस सभ्य, कपाळावर भस्म, बोलणं मऊ. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि समजूत घातली. "बाई, मनाला लावून घेऊ नका. बायकांच्या हाताला कंप असतोच, निसर्ग आहे तो. लाटणं धरणारा हात वेगळा, बंदूक धरणारा वेगळा."

आता याला काय म्हणावं? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. जिच्या हाताखालच्या चाळीस बाया केसासारखं सूत दिवसाचे आठ तास सांधतात, तुटली तार डोळ्याला दिसायच्या आत गाठ मारतात, तिला हा माणूस बायकांचा हात शिकवत होता. आणि ज्या धोतरात बसून शिकवत होता, त्याचं सूत कुठल्या हातांतून गेलं असेल याचा त्याला पत्ता नव्हता. जगदेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती ओरडली नाही. तिनं चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, यादीत नाव घाला, निवडीच्या दिवशी कमी पडली तर तुमचं खरं. वकिलांनी हसून नाव घातलं. एक नाव वाढल्यानं त्यांचं काय जाणार होतं! निवड नऊ जणांतून चौघांची होती आणि चौथा कोण हेसुद्धा त्यांच्या मनात ठरलेलं होतं.

पुढच्या रविवारी गिरणीला सुट्टी होती. जगदेवी पोरीला न सांगता मागोमाग गेली. नाक्यापासून खाणीपर्यंत तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं. जीप धुरळा उडवत पोरीच्या बाजूनं गेली, आत एका सभासदानं कुत्रंसुद्धा घेतलं होतं. कुत्र्याला जागा होती. खाणीत पोचल्यावर हेमावतीनं पिशव्या टाकल्या, पाणीसुद्धा प्यायली नाही, कारण बाकीचे आडवे पडून तयार होते आणि वकील घड्याळ बघत होते. जगदेवी पुढं झाली आणि म्हणाली, हात पुढं कर. पोरीनं हात पुढं केला. बोटं अशी हलत होती की बांगड्या वाजाव्यात.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, नायकिणीला लगेच कळलं. रीलिंगमध्ये तिनंच हा कायदा घातला होता, मॅनेजरशी दोन दिवस भांडून: जी बाई सुताच्या कांड्यांची टोपली उचलेल तिनं पाव तास रिळाला हात लावायचा नाही. बोजा उचललेल्या हाताला गाठ येत नाही, तार तुटते, आणि मग बाईच्या नावानं शंख. म्हणून तर टोपल्या न्यायला खात्यात चाकांच्या गाड्या आल्या. गिरणीतल्या अडाणी म्हणवणाऱ्या बायांना जे माहीत होतं, ते या शिकल्यासवरल्या वकिलाला तीन महिन्यांत दिसलं नव्हतं. का दिसलं होतं, आणि सोयीचं होतं? जगदेवीनं वकिलांना सांगितलं, एक तर सामान जीपमध्ये घ्या, नाहीतर पोरीला पाव तास बसू द्या. वकील म्हणाले वेळ ठरलेली आहे आणि नियम सगळ्यांना सारखा आहे. निवडीला सात आठवडे होते. जगदेवीनं ठरवलं, गाडी आपणच करायची.

मंगळवार बाजारातून तिनं गिरणीच्या मोडीत निघालेली चार लोखंडी चाकं आणली, खोक्यांच्या फळ्या आणल्या, शेजारच्या सुताराकडून करवत आणि हातोडी आणली. पाळी सुटल्यावर रोज अंगणात ठोकाठोक. गल्ली बघायला जमायची. कुणी विचारायचं, नायकीणबाई, भजी लावणार का भेळ? ती तोंडातले खिळे न काढता अशी बघायची की विचारणारा पुढं चालू लागायचा. गाडी मात्र डोकं लावून केली. खाली वाळूच्या पिशव्यांचा कप्पा, मधे चौकटीचे पाय अडकतील अशा खाचा, बाजूला गुंडाळलेल्या चटईला पट्टा, आणि दुर्बिणीसाठी बिस्किटाचा डबा, आत जुनी वाकळ शिवलेली. गल्लीतल्या फरशीवर भरलेली गाडी एका बोटानं पळायला लागली. जगदेवीनं ती तीनदा या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, उगाच, सगळ्यांना दिसावी म्हणून.

शनिवारी अर्धी पाळी करून ती गाडी खाणीच्या रस्त्यावर घेऊन गेली. सिद्धाराम सायकल हातात धरून मागून चालत होता. डांबर संपलं आणि काळी माती लागली. उन्हानं भेगा पडलेल्या, वर घोटाभर फुफाटा, मधे खडी. वीतभर लोखंडी चाकं पहिल्याच भेगेत गेली. तिनं जोर लावला, गाडी बाहेर आली आणि दुसऱ्या भेगेत गेली. तिसऱ्याला उलथली, पिशवी फाटली, वाळू रस्त्यावर. जगदेवीनं गाडीला लाथ घातली आणि पायाचा अंगठा फोडून घेतला. सिद्धारामानं वाळू गोळा केली, फाटक्या पिशवीला गाठ मारली आणि म्हणाला,

"गिरणीत फरशी असती."

एवढंच. आणि ते खरं होतं, हेच तिला सोसेना. वीस वर्षं गुळगुळीत फरशीवर गाडी ढकलली आणि जगात सगळीकडे फरशीच आहे असं धरून चालली. दोन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. भाकरी द्यायची, पण ताट असं ठेवायची की आमटी सांडावी. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सिद्धाराम बाजारातून आला तर त्याची सायकल अंगणात उलटी घातलेली, आणि बायको पाना घेऊन चाकं काढत होती. त्याला विचारलं नव्हतं. ज्या सायकलवर तो बारा वर्षं बाजारात जात होता तिचा सांगाडा तुळशीपाशी पडला होता. त्यानं पिशवी खाली ठेवली, बाह्या सारल्या आणि दुसऱ्या बाजूचा नट धरून बसला.

मोठी चाकं लागली, पण गाडी दोन चाकांची झाली आणि सगळा भार दांडीवर यायला लागला. जगदेवी पुन्हा तापली. तेव्हा तोलार बोलला. काट्याची दांडी जशी मधोमध टांगतात, तसा बोजा चाकांच्या आसावर पाहिजे, हातावर नव्हे. त्यानं पिशव्यांचा कप्पा वीतभर मागं सरकवायला लावला, चौकट पुढं, मग पुन्हा चार बोटं पुढं. एका जागी गाडी अशी थांबली की दांडी नुसती हवेत राहिली. जगदेवीनं बोट लावून बघितलं. शाबासकी दिली नाही, पण त्या दिवशी आमटी सांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून सिद्धाराम बाजारात पायी जायला लागला, आणि कुणी विचारलं तर सायकल दुरुस्तीला टाकलीय म्हणून सांगायचा.

निवडीच्या रविवारी पुण्याहून परीक्षक आले होते. जगदेवी गाडी ओढत होती आणि हेमावती मोकळ्या हातांनी शेजारून चालत होती. तिनं दांडीला हात लावायचा प्रयत्न केला तेव्हा आईनं तो झटकला. खाणीच्या तोंडाशी वकिलांनी अडवलं. नियमानं सामान आपलं आपण आणायचं, आईनं नव्हे. जगदेवीनं विचारलं, मग जीपमधलं सामान काय ह्या सायबांनी खांद्यावर आणलं? परीक्षक हसले. रावसाहेब सगळा वेळ सावधानमध्ये उभा होता, तो तसाच उभा राहून म्हणाला की नियमात आणायचं लिवलंय साहेब, कशावर ते लिवलेलं न्हाय. वकिलांनी वाट सोडली.

पहिल्या फेरीच्या दहा गोळ्या झाल्या. हेमावतीला एक्क्याण्णव. वकिलांना अठ्ठ्याऐंशी, ते दुसरे. बाकीचे त्याच्या खाली. जगदेवीनं कुणाकडे बघितलं नाही, गाडीच्या चाकातला खडा काढत बसली, पण कान लाल झाले होते.

दुसरी फेरी वरच्या खाणीत होती, कारण ऊन डोळ्यांवर यायला लागलं होतं. अर्धा मैल चढ. आणि जीप? ड्रायव्हर तीत परीक्षकांना नाश्त्याला गावात घेऊन गेला होता, आणि तिथून परस्पर वर येणार होता. नाश्त्याला पेट्रोल होतं. आठ पुरुष आपल्या सामानाकडे बघत उभे राहिले. मग एकानं आपल्या पिशव्या उचलून सरळ जगदेवीच्या गाडीत टाकल्या. दुसऱ्यानं टाकल्या. चौकटी आल्या, चटया आल्या. विचारायची रीत कुणाला आठवली नाही. वकिलांनी वर आपली दुर्बीण ठेवली आणि मऊ आवाजात म्हणाले, बाई, एवढं जरा वर नेऊन टाका, गाडी छान झाली आहे तुमची.

जगदेवीनं दुर्बीण उचलून वकिलांच्या हातात दिली. मग गाडीची दांडी वर उचलली आणि सगळं सामान त्यांच्या पायाशी ओतलं.

"आपलं सामान आपण आणायचं," ती म्हणाली. "तुमचाच नियम हाय की."

वकील लाल झाले, कुणी पुटपुटलं, एक जण दमदाटीला आला तसा रावसाहेब मधे येऊन उभा राहिला. घड्याळ चाललं होतं. शेवटी एकेकानं पिशव्या उचलल्या. आयुष्यात पहिल्यांदा उचलत होते हे धरण्यावरून दिसत होतं. जगदेवीच्या जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू! तिनं पोरीचं सामान परत गाडीत लावायला घेतलं, आणि हेमावतीनं तिच्या हातातली पिशवी काढून घेतली.

"अव्वा, माझ्या पिशव्या मला दे. मीबी डोक्यावरनंच नेणार."

जगदेवीला वाटलं पोरीला ऊन लागलं. हेमावतीनं दुसरी पिशवी उचलली, चटई काखेत घेतली, चौकट हातात. आवाज चढवला नाही, पण नाकपुड्या आईसारख्याच फुगल्या होत्या. आज गाडीनं वर गेले तर उद्या हेच सगळीकडे सांगतील, म्हणाली, की गाडीमुळं निवडली, पोरीत काय नव्हतं. तसं कुणाला म्हणू देणार न्हाय.

"मग दीड महिना मी काय झक मारली?" जगदेवी ओरडली. "तुझ्या बाची सायकल मोडली ती कशापायी?"

"तू गाडी केलीस म्हणून तर ह्यांच्या डोक्यावर पिशव्या आल्या," हेमावती म्हणाली. "आता माझ्याबी डोक्यावर येऊ दे. मग बघू कुणाचा हात कसा हाय."

आणि चालायला लागली. जगदेवी तिथंच उभी. इतका राग तिला वकिलाचासुद्धा आला नव्हता. हातातोंडाशी आलेलं कार्टीनं फेकून दिलं. पुण्याची वाट, संघातली जागा, सगळं एका हट्टापायी. तिला शिव्या द्यायच्या होत्या आणि शिवी सापडत नव्हती, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. समोर चढावर नऊ माणसं डोक्याखांद्यावर बोजा घेऊन चालली होती, आठ थांबत, खांदे बदलत, आणि एक न थांबता. त्यांच्या मागून जगदेवी रिकामी गाडी ओढत निघाली.

वर पोचल्यावर परीक्षक जीपमधून उतरले आणि फेरी सुरू करायला सांगितलं. बोजा नवा नव्हता तो एकट्या हेमावतीला. थरथरणाऱ्या हातानं कितीतरी महिने तिनं दर रविवारी बंदूक धरली होती. श्वास कधी सोडायचा, कंप कुठल्या क्षणी थांबतो, हे तिला तिथंच कळत गेलं होतं. ती चटईवर पडून राहिली. शेजारी धडाधड गोळ्या सुटत होत्या आणि ती नुसती पडून होती. जगदेवीला वाटलं संपलं. मग एक गोळी. मग पुन्हा कितीतरी वेळ काही नाही. शेवटची गोळी वेळ संपायला टेकली तेव्हा सुटली.

हेमावतीला ऐंशी. दुसऱ्या कुणाला सत्तर गाठता आले नाहीत. एका सभासदाच्या दोन गोळ्या शेजाऱ्याच्या टारगेटमध्ये निघाल्या. पंचाक्षरी वकील दोन्ही फेऱ्यांची बेरीज करून पाचवे आले. सेक्रेटरी म्हणून यादी वाचायचं काम त्यांचंच होतं. त्यांनी पहिलं नाव हेमावतीचं वाचलं, पुढची तीन वाचली आणि कागदाची घडी घालायला गेले, ती त्यांना नीट घालता येईना.

निघताना त्यांनी रावसाहेबाकडून निरोप पाठवला, की ती गाडी क्लबाला द्याल का. जगदेवी म्हणाली, सांग त्यांना, घरी लाटणं धरणारं कुणी असेल तर तिच्याकडनं करून घ्या.

हेमावती खाणीच्या कडेला बसली होती. पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरला तरी तोंडापर्यंत येत नव्हता, पाणी परकरावर सांडत होतं. जगदेवीनं तांब्या घेतला, लहान मुलीला पाजतात तसं पाजलं, आणि तिला उठवून गाडीत बसवलं, वाळूच्या पिशव्यांवर. पोरगी नको म्हणाली. जगदेवीनं ऐकलं नाही. दांडी उचलून ती उताराला लागली आणि तोंड सुटलं. कुणाची हट्टी जात, कुणी सांगितला होता शहाणपणा, जरा पाय घसरला असता तर, पाच गोळ्या वाया गेल्या असत्या तर. नाका आला, डांबर लागलं, पेठ लागली, बाया दारात येऊन बघायला लागल्या, तरी ती थांबली नाही. तिला रडू येत होतं आणि त्याचा तिला फार राग आला होता. दाराशी सिद्धाराम उभा होता. त्यानं गाडीतल्या पोरीकडे बघितलं, बायकोकडे बघितलं, आणि काय झालं म्हणून विचारलं.

"तुमची पोरगी माझ्यावर गेली," जगदेवी म्हणाली, आणि दांडी सोडून तिथंच पायरीवर बसली.